इंजिनाच्या दोराचं लुगडं

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी आसेगावात कापड मिळेनासं झालं. ज्वारी-तूर कमीजास्त पिकत होती, घरोघरी चूल पेटत होती. पण अंगावर घालायला काही उरलं नव्हतं. मंगरुळात कंट्रोलच्या दुकानावर गठ्ठे आल्याची बातमी यायची, पुरुष मंडळी पहाटे निघायची आणि बहुतेक जण संध्याकाळी रिकाम्या हातांनी परतायचे. गावाच्या चारी बाजूंना कापूस. ओढ्याकाठी कापसातली सरकी वेगळी काढणारा जीन. तिथून रुईच्या गाड्या भरभरून बाहेर जायच्या, आणि त्याच गावातल्या बायका ठिगळाला ठिगळ जोडून दिवस काढायच्या.

जानरावाच्या घरात दोन बायका होत्या. एक त्याची बायको सोजरबाई, आणि दुसरी त्याच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको चतुराबाई. सोजरबाई अंगानं थोराड, बोलायला सावकाश, आणि गावात बाळंतपणं करणारी म्हणून सगळ्यांना हवी असलेली. चतुरा किडकिडीत. तिचे हात सतत काही ना काही करत असायचे. बोलता बोलतासुद्धा ती खाटेची सैल झालेली सुतळी ओढून घट्ट करायची. या दोन जावांमध्ये मिळून धड म्हणावं असं एकच लुगडं उरलं होतं. बाकीच्या होत्या त्या चिंध्या, दार लोटून घरात गुंडाळण्यापुरत्या.

म्हणून एक बाहेर पडली की दुसरी घरात. जिनातलं काम चतुराच्या नावावर होतं, पण कधी ती जायची, कधी सोजरबाई. जिनातल्या मुकादमिणीला ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. जी येईल तिला ती चतुराबाई म्हणून हाक मारायची आणि रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, उभी करायची. तिच्याही अंगावर काही फार वेगळं नव्हतं.

माघ महिन्यात एक दिवस चतुरा कामावर गेली होती, जानराव शेतात होता, आणि भर दुपारी सुताराची बाई दाराशी धावत आली. तिची सून अडली होती.

"सोजरबाई, चाला लवकर. पोट्टीचा जीव घाबरून राह्यला."

सोजरबाई दाराआडून म्हणाली, "माय, लुगडं चतुरानं नेलं. तिले बलावू दे."

"ती येईलोक पोट्टी राहनार नाई."

सोजरबाई आत वळली. मग तिनं अंथरुणातली वाकळ उचलली, अंगाभोवती घेतली, कमरेला दाव्यानं आवळली आणि दार उघडून गल्लीत उतरली. निंबाखाली चार माणसं बसली होती. तिला येताना पाहून त्यांनी एकदम माना फिरवल्या, कुणी जमिनीकडे पाहिलं, कुणी उगाच खोकलं. त्यांचं चुकलं असं नव्हतं. पण ते मान फिरवणं सोजरबाईला पाठीवर ओझ्यासारखं बसलं.

सुताराच्या घरात मात्र ती सगळं विसरली. मूल आडवं होतं. तेल लावून, पोटावरून हळूहळू हात फिरवत, सुनेशी बोलत बोलत तिनं ते सरळ केलं. उन्हं कलायच्या आत मुलगी जन्मली आणि अशी काही रडली की बाहेर बसलेला सुतार उठून उभा राहिला. आई सुखरूप होती. घरातल्या सगळ्यांनी श्वास सोडला, कुणी तरी सोजरबाईपुढे गूळ ठेवला. तिनं तो खाल्ला आणि तिथेच भिंतीला टेकून बसून राहिली. त्या वेशात पुन्हा गल्ली ओलांडायचा तिला धीर होईना.

चतुरा जिनातून आली, घर रिकामं पाहिलं आणि शोधत सुताराकडे पोचली. दिवेलागणीला दोघी मिळून घरी निघाल्या, एक लुगड्यात आणि एक वाकळीत.

"पोट्टी झाली," सोजरबाई म्हणाली. "मोठ्यानं रडली. लय चांगलं झालं."

"हाव."

थोडं चालल्यावर ती म्हणाली, "पन चतुरा, मी आता अशी बाहेर नाई पडत. कोनी मरो का जगो."

चतुराला माहीत होतं की हे खरं नाही. पुन्हा कुणी बोलावलं तर सोजरबाई पुन्हा जाईल, वाकळ गुंडाळून जाईल, आणि पुन्हा भिंतीला टेकून अंधार पडायची वाट पाहील. त्यामुळेच ते बोलणं तिच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी ती जिनाच्या मागं गेली. तिथं मोठा उकिरडा होता. रेच्यांखाली साचलेली धूळ, हवेत उडून भिंतींना चिकटलेली रुई, पानांचा चुरा, बोंडांची टरफलं, फुटकी सरकी असं सगळं झाडून आठवड्याला तिथं टाकलं जाई. वर्षानुवर्षांचा ढीग. गावची जनावरं थंडीत त्यावर बसायची. चतुरानं वरचा थर बाजूला केला आणि आत हात घातला. धुळीबरोबर मूठभर मऊ काही तरी हाताला लागलं.

मुकादमिणीला विचारून तिनं संध्याकाळी टोपलीभर घाण घरी आणली.

"हे कायले आनलं?" सोजरबाईनं विचारलं.

"यात रुई हाये."

"यात माती हाये."

"माती खाली पडते. रुई वर राह्यते."

तिनं ते रिकाम्या खाटेच्या विणीवर पसरलं आणि वेताच्या छडीनं झोडपायला लागली. धूळ, चुरा, सरकी खाली गळू लागली. बऱ्याच वेळानं खाटेवर मळकट पिवळा कापूस उरला, आखूड धाग्यांचा आणि पानांचे काळे कण अडकलेला. पण कापूस होता. सोजरबाईनं तो चिमटीत घेऊन ओढून पाहिला आणि परत खाटेवर टाकला. दुसऱ्या दिवशी मात्र चतुरा कामावरून आली तेव्हा खाट पुन्हा झोडपून झालेली होती.

मागे खादीवाले गावात आले होते तेव्हा चरखे वाटून गेले होते. त्यातला एक जानरावाच्या माळ्यावर पडून होता. जानरावानं तो उतरवला, चाती सरळ केली, चाकावरची माळ नवी घातली. आता जी घरात राहील ती सूत काढायची. धागा सुरुवातीला सारखा तुटे. मग दोघींना कळलं की बारीक काढायचा हट्ट सोडला तर तुटत नाही. जाड, गाठीगाठीचं सूत निघू लागलं. होळीपर्यंत एका टोपलीत बसतील एवढ्या सुताच्या गुंड्या झाल्या.

जानराव गाडी घेऊन मंगरुळाला जाणार होता. त्याच्याबरोबर चतुरा गेली. कोष्ट्यांच्या आळीत शालिग्राम नावाचा विणकर होता, पांढऱ्या मिशांचा, हातमागापुढच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला. माग रिकामा होता. गिरणीचं सूत येत नव्हतं म्हणून आळीतले बहुतेक माग रिकामे होते, आणि शालिग्राम निव्वळ सवयीनं तिथं बसला होता. गुंड्या पाहून त्याचा चेहरा उजळला. एक धागा सोडवून त्यानं दोन्ही हातांत धरला, हलकेच ताणला. धागा तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला.

"बाई, आडव्याले चालते हे," तो म्हणाला. "उभ्याले चालनार नाई."

चतुराला कळलं नाही. शालिग्रामानं तिला मागावर हात ठेवून दाखवलं. "हे पाहा. उभे दोरे अठून तठीलोक ताणून राह्यतात. वर जातात, खाली येतात, फणीतून घासतात. त्याइले जोर पाह्यजे. आडवा दोरा नुसता मधात बसते, त्याले काई काम नाई. तुमचं सूत आडवं घालतो मी, आनंदानं घालतो. पन उभं कोठून आनू? माह्यापाशी वीतभर नाई."

"दुसरं काईच नाई चालत?"

"मजबूत पाह्यजे. लांब पाह्यजे. मंग कोनतंही चालते."

परतताना गाडीत चतुरा टोपली मांडीवर घेऊन बसली होती. जानराव तिचा थोरला दीर. ती त्याच्याशी फारसं बोलत नसे आणि तोही मागं वळून पाहत नसे. पण मेंढरांचा कळप आडवा आला म्हणून गाडी थांबली तेव्हा तो बैलांकडे पाहतच म्हणाला, "सूत वाया नाई गेलं. ठेवून देऊ."

जिनाचा हंगाम संपत आला होता. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत चतुरा भांडी घासायला राख मागायला इंजिनघराकडे गेली. बॉयलरमध्ये कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या आणि लाकडं जळायची, तिथली राख गावातल्या बायका नेत. गोविंदसिंग हा तिथला इंजिन चालवणारा. तो दाराशी ओंडक्यावर काही तरी ठेवून कुऱ्हाडीनं तोडत होता. मनगटाएवढा जाड, तेलानं काळा झालेला दोर होता तो. असेच दोर इंजिनाच्या मोठ्या चाकावरून निघून भिंतीपलीकडच्या दांड्यावर जायचे आणि सगळे रेचे फिरवायचे. चतुरानं ते रोज फिरताना पाहिले होते, पण ते कशाचे असतात हा विचार तिच्या मनात कधी आला नव्हता.

"हे काय करून राह्यले, भाऊ?"

"जुना दोर हाये. झिजला. तुकडे करतो आन् सकायी बॉयलर पेटवायले घेतो. चरबी मुरली हाये त्याच्यात, भक्कन पेटते."

तोडलेल्या टोकाचा केरसुणीसारखा पिसारा झाला होता. चतुरानं त्यातला एक धागा ओढून घेतला. वरून काळा, मधे राखाडी. तिनं तो दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून ओढला. तुटला नाही. अजून जोर लावला तेव्हा बोटात रुतला, पण तुटला नाही.

"हे सूत हाये?"

"मंग काय? सुताचाच असते. दुरून येते, लय चांगल्या कापसाचा. सगया कारखान्याचा भार ओढते तो."

"झिजला म्हन्ता ना?"

"बाहेरून झिजते. आतलं तसंच राह्यते. पन वरचे दोरे तुटले का चाकावरून घसरते, मंग बदलाच लागते."

त्यानं पुन्हा कुऱ्हाड उचलली. चतुरानं चटकन दोरावर हात ठेवला.

"भाऊ, थांबा जरासे."

तिनं त्याला शालिग्रामाचं बोलणं सांगितलं. गोविंदसिंग ऐकत राहिला. मग कुऱ्हाड भिंतीला टेकवून त्यानं तुटक्या टोकातून एक धागा स्वतः काढला, ताणला, आणि डोक्यावरचा फेटा मागं सरकवला. त्या फेट्यालाही जागोजाग भोकं होती.

"मी तर किती जाळले असे," तो म्हणाला. "दर सालचे. मले काय ठाऊक."

"आता किती हायेत?"

"हा अर्धा. आन् एक कोपऱ्यात पडला हाये, आख्खा." मग तो म्हणाला, "मी देल्ला असता बाई, पन माल कारखान्याचा हाये. मॅनेजर साहेबाले विचारा. विचारेपर्यंत मी काई तोडत नाई."

मॅनेजर बाहेरगावचा, उंच, कडक आवाजाचा माणूस होता. रुईजवळ विडी ओढली म्हणून त्यानं एकाला त्याच दिवशी कामावरून काढलं होतं, त्यामुळे बायका त्याच्या खोलीसमोरून जातानाही पाय हळू टाकायच्या. चतुरा दाराशी जाऊन उभी राहिली. त्यानं नाही म्हटलं तर काय बोलायचं ते तिनं वाटेत जुळवून ठेवलं होतं.

"काय हवंय?"

"साहेब, इंजिनघरातला जुना दोर पाह्यजे व्हता."

"कशाला? गुरं बांधायला?"

"नाई. लुगड्यासाठी."

त्यानं मान वर केली. चतुराच्या लुगड्याकडे त्याची नजर गेली आणि तो लगेच खिडकीबाहेर पाहू लागला.

"दोराचं लुगडं कसं होईल?"

तिनं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सगळं सांगितलं. मागच्या ढिगातल्या कापसाचं आडवं सूत, मंगरूळचा कोष्टी, उभ्याला हवा असलेला मजबूत धागा.

"त्याला चरबी आणि काजळी आहे. धुणार कशानं? साबण कुठे आहे?"

"राखेच्या पान्यानं धुतो. इंजिनाची राख लय तेज हाये."

त्यानं पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाला, "घेऊन जा. राख पण न्या. आणि मागचा ढीग ज्यांना हवा त्यांना सांगा, पावसाच्या आधी मला तो उचलायचाच आहे. फक्त तिथं कुणी विडीकाडी आणायची नाही." ती वळली तेव्हा तो पुढे म्हणाला, "माझ्या घरात बायको पडद्याचं कापड नेसते आहे. झालं लुगडं तर मला सांगा."

जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं चतुराच्या तोंडातच राहिलं. ती बाहेर आली, ओढ्याच्या काठाला एका दगडावर बसली, आणि तोंडावर पाणी मारून इंजिनघराकडे गेली.

जानराव गाडी घेऊन आला. गोविंदसिंगानं त्याच्याबरोबर हात लावून दोर गाडीत टाकला. दोघं माणसं उचलताना वाकली. घरामागच्या वाडग्यात, म्हणजे कुंपणाच्या आवारात, आंब्याच्या झाडापासून गोठ्याच्या खांबापर्यंत आणि तिथून परत, असा तो ताणून बांधला. मग उकलायला सुरुवात झाली. चार जाड पेड एकमेकांत पिळलेले, आणि प्रत्येक पेडात धाग्यांचे झुबके. पीळ सोडवताना दोर जिवंत असल्यासारखा उसळायचा, एकीनं धरायचं आणि दुसरीनं उलटा फिरवायचा. बाहेरचे धागे जागोजाग तुटलेले होते, ते बाजूला पडले. आतले मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग निघत होते.

शेजारच्या बायका मागच्या दारांनी येऊ लागल्या. वाडग्याला उंच कुंपण होतं, आत कोणी पुरुष नव्हता, त्यामुळे ज्या अंगावर असतील त्या चिंध्यांतच येऊन बसत. सुताराची सून लेकीला पदराखाली घेऊन आली आणि एक झुबका मांडीवर घेऊन उकलत बसली. कित्येक महिन्यांत इतक्या बायका दिवसाउजेडी एका जागी बसल्या नव्हत्या. हातपाय काळे झाले, तरी उठायला कुणी तयार होईना.

गुंता होऊ नये म्हणून चतुरानं धाग्यांच्या जुड्या हातभर अंतरावर बांधल्या. गूळ करायची काहील चुलवणावर चढवली, राख पाण्यात कालवून गाळली आणि ते पाणी उकळायला ठेवलं. जुड्या आत सोडल्या. थोड्या वेळानं सोजरबाईनं काठीनं ढवळलं आणि थबकली.

"चतुरा, फेस येऊन राह्यला."

खरंच फेस येत होता. दोरातली चरबी राखेच्या पाण्यात मिसळून आपणच साबण होत होती. करडा फेस काहिलीच्या काठावरून उतू जाऊ लागला तशी बायका हसायला लागल्या. पाणी डांबरासारखं काळं झालं. ते ओतून पुन्हा नवं घातलं, मग आणखी एकदा. शेवटी ओढ्यावर नेऊन जुड्या दगडावर आपटल्या आणि कुंपणावर वाळत घातल्या. धागे पांढरे झाले नाहीत. पारव्याच्या पंखासारखा राखाडी रंग राहिला. पण हाताला तेल लागत नव्हतं.

या वेळी जानरावाबरोबर सोजरबाई मंगरुळाला गेली. घरात बसायची पाळी चतुराची होती. शालिग्रामानं जुडीतला धागा घेतला, ताणला, दातांत धरून ओढला. मग तो टोक धरून दारापर्यंत गेला, गल्लीत उतरला, आणि जुडी उलगडत उलगडत समोरच्या घरापर्यंत पोचला.

"एवढा सलग?" तो तिथूनच म्हणाला.

"दोर जेवढा, तेवढा," सोजरबाई म्हणाली.

तो परत आला आणि ओट्यावर बसून हसू लागला. "अवो बाई, हा तर तयार ताणाच हाये. मले उभे दोरे मोजून मांडायचंही काम नाई ठेवलं तुमी. दोन लुगडी निघतात याच्यात. जड होतील बरं का."

"होऊ द्या जड."

"मजुरी काय देता?"

सोजरबाईनं जानरावाकडे पाहिलं. जानराव म्हणाला, "तुमीच सांगा."

"थो अर्धा दोर उरला हाये म्हन्ता ना, थो आनून द्या. माह्या बायकोचं एक होईल."

असं ठरलं. पण आठवडाभरानं मंगरुळाहून आलेल्या एका गाडीवानानं निरोप आणला की धाग्यांना खळ धरत नाही, गाठी सुटून राह्यल्या, काम थांबलं. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. चतुरा रात्रीच्या भाकरी तशाच झाकून ठेवून सकाळी जानरावाच्या गाडीत बसली. शालिग्राम तिला पाहून म्हणाला, "घाबरू नोका. आतल्या धाग्यात चरबी राह्यली हाये, त्याच्यानं होते. अजून एक उकळी पाह्यजे." त्याच्या बायकोनं आधीच पाणी तापत ठेवलं होतं. चतुरानं राखेचं गाठोडं बरोबर आणलं होतं, ते तिनं सोडलं, आणि तिघांनी मिळून ताणा पुन्हा उकळून काढला. वाळल्यावर शालिग्रामानं ज्वारीच्या पिठाची खळ कुंच्यानं लावली. या वेळी ती बसली. धागे टणक झाले, बोट मारलं की तंबोऱ्याच्या तारेसारखे वाजू लागले.

ताणा मागावर चढला. शालिग्रामानं आडव्या सुताचा धोटा टाकला, फणी ओढली, पुन्हा टाकला. चतुरा श्वास धरून पाहत होती. एक धागा तुटला. त्यानं गाठ मारली. मग बराच वेळ काही तुटलं नाही. मागाचा खटखट आवाज एका लयीत चालू झाला, आणि राखाडी दोऱ्यांत त्यांचं मळकट पिवळं सूत बसत बसत चार बोटं कापड तयार झालं. शालिग्राम थांबला, त्यावरून तळहात फिरवला.

"धरलं," तो म्हणाला. "आता तुमी घरी जा. हे होते."

चतुरानं डोळ्यांना पदर लावला. मग गाडीत बसल्या बसल्या तिला अशी झोप लागली की आसेगावची वेस आली तरी जानरावानं तिला उठवलं नाही. वाडग्यात बैल सोडून झाल्यावर सोजरबाई येऊन तिला हलवून उठवून घेऊन गेली.

चैत्र संपता संपता शालिग्राम स्वतः लुगडी घेऊन आला. दोन्हींच्या काठाला त्यानं तांबड्या सुताची बारीक पट्टी घातली होती. विचारलं तेव्हा म्हणाला की जुन्या मालातल्या दोन कांड्या तळाशी राहिल्या होत्या, त्या कशाला ठेवायच्या. कापड राखाडी, मधेमधे पानांचे बारीक काळे ठिपके, आणि हातात घेतलं की ओलं असल्यासारखं जड. सोजरबाईनं ते नाकाशी नेलं. थोडा इंजिनाचा वास येत होता.

दोघींनी आतल्या खोलीत नेसून पाहिलं. नव्या खळीमुळे निऱ्या बसेनात, खोचलं की सुटून बाहेर येत. चतुरा सोजरबाईच्या निऱ्या दाबत होती आणि सोजरबाई चतुराच्या, आणि दोघींना हसू आवरेना. शेवटी पाण्याचा हात मारून कसंबसं बसवलं. सोजरबाई आरशाशी गेली नाही, दाराशी गेली. कडी काढून तिनं दार पूर्ण उघडलं आणि उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "चाल."

"कोठी?"

"कोठीही चाल. दोघी जाऊ."

दोघी आधी जिनावर गेल्या. मॅनेजरनं खोलीबाहेर येऊन पदराचं टोक दोन बोटांत धरून पाहिलं, वीण उजेडाकडे धरली, आणि गोविंदसिंगाला बोलावून सांगितलं की यापुढे जुना दोर जाळायचा नाही, कोष्ट्याकडे जाऊ दे, आणि तिथून पहिलं कापड येईल ते माझ्या घरी पाठवून दे. गोविंदसिंगानं तोवर कारंज्याच्या आणि रिसोडच्या इंजिनवाल्यांना निरोप धाडलाही होता. मागचा उकिरडा तर अर्ध्याच्या वर संपला होता. ढिगावर टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या आणि गावात घराघरांतून खाटा झोडपल्याचा आवाज येत होता.

तिथून त्या बाजाराला गेल्या. बाजारात घेण्यासारखं फारसं काही नव्हतं. त्यांनी मूठभर फुटाणे घेतले, बांगडीवाल्याच्या दुकानापुढे उभ्या राहिल्या, कासारानं काय भाव सांगितला ते ऐकून पुढे गेल्या. ओळखीची बाई भेटली की थांबायचं, तिला पदर हाताळू द्यायचा, धागा कुठून आला ते सांगायचं. सांगायचं काम चतुरा करायची. सोजरबाई नुसती शेजारी उभी राहायची, फुटाणे खात, ऊन अंगावर घेत. दोघी मिळून बाजारात आल्याला वर्ष होऊन गेलं होतं, आणि घरी परतायची दोघींनाही घाई नव्हती.

घरी पोचल्या तेव्हा जानराव चुलीपुढे बसून भाकरी थापत होता. भाकरीचा आकार काही नीट नव्हता. एवढा उशीर का झाला ते त्यानं विचारलं नाही. सोजरबाईनं नवा पदर खोचला, त्याला बाजूला सारलं आणि पीठ स्वतःपुढे ओढून घेतलं.